औषध

आमच्याकडे औषध दोन प्रकारचं.
एक मी वाटते : लोहाच्या गोळ्या, लाल,
रात्री जेवल्यावर, चहासोबत नको.
दुसरं ब्लोअरमधून येतं
पहाटे, वारा पडलेला असताना,
सावळजच्या अलीकडच्या सगळ्या बागांतून.

"करिश्मा, औषध घेतलं का?"
विचारलं की ती हसायची.
"घेतलं की ताई. नाकातोंडानं."

करिश्मा वायदंडे. वय बावीस. दुसरी खेप.
रजिस्टरात तिची जात लिहिली, रकाना आहे.
पाळी चुकल्याची तारीख, हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन,
घरात संडास : होय / नाही.
छाटणीनंतर काडीकाडीला पेस्ट लावताना
हातमोजा फाटला तो कितव्या आठवड्यात,
त्याला रकाना नाही.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं : हातमोजा.
गटप्रवर्तक बाईंनी खोडरबरानं पुसलं.
वाईट नाहीत त्या. वर विचारतात म्हणाल्या.

मळ्यातली मृणाल तिच्या बरोबरीचीच,
दोघींच्या तारखांत आठ दिवसांचं अंतर.
छाटणी लागली तशी तिला माहेरी धाडली, विट्याला.
वासानं मळमळतं पोरीला.
मीही तेच सांगितलं असतं.
सांगितलंच होतं करिश्माला :
चार महिने वासापासून लांब राहा.
ती म्हणाली, "राहते की.
वस्ती उचलून कुठं ठेवू तेवढं सांगा."

वस्ती आमची ओढ्याकाठी,
वाऱ्याच्या खालच्या अंगाला.
आमच्या अंगावरून आलेला वारा
गावाला लागू नये म्हणून
कुणीतरी कधीतरी नीट विचार करून बसवलेली.
आता गावाचा वारा आम्हाला लागतो.
सकाळी दोरीवरच्या लंगोटांवर
मोरचुदाचे बारीक ठिपके असतात.

डोहाळे आंबट.
विरळणीत खाली पडलेले मणी,
हिरवे, ज्वारीएवढे,
पदराला पुसून खायची ती. मी बघितलंय.
ओरडले नाही. भूक होती का डोहाळा,
ते मला कळलं नाही म्हणून.

घडांची तपासणी होते.
कुठली फवारणी, किती दिवसांपूर्वी,
लॅबचा कागद आल्याशिवाय कंटेनर हलत नाही.
साखर भरली नसेल तर काढणी थांबवतात,
मालक स्वतः रोज एक मणी चाखून बघतात.

एकतिसाव्या आठवड्यात करिश्माला कळा आल्या
बागेतच, डिपिंगचा मग हातात असताना.
एकशे आठ आली. चाळीस मिनिटांनी.
मुलगी. एक किलो दोनशे ऐंशी.
मृणालला पुढं दिवस भरून झाला, तीन किलो शंभर,
पेढे मलाही आले, मी खाल्ले.

डॉक्टर म्हणाले, नेमकं कारण सांगता येत नाही.
रक्त कमी, काम जड, कशानंही होतं.
खरंच असेल. मला सिद्ध काहीच करता येत नाही.
मी नुसती मोजते :
ओढ्याकाठच्या एकोणीस घरांत दोन वर्षांत पाच सातमाशी.
मळ्यांवर मिळून एक, तीही जुळी.
आठमाशी जगत नाही, सातमाशी जगते,
असं आमच्या म्हाताऱ्या ठामपणे सांगतात.
त्यांच्याकडे आकडे माझ्याहून जुने आहेत.

सांगलीच्या सिव्हिलला काचेच्या पेटीत होती पोर.
सिस्टर म्हणाली, कोपरापर्यंत हात धुवा.
करिश्मानं धुतले. परत धुतले.
नखांच्या कडेची पिवळी रेघ गेली नाही.
तिनं हात पाठीमागं घेतले.

बाराव्या दिवशी पोर तिच्या छातीवर दिली,
उबेला, नुसत्या कातडीवर.
सिस्टरनं ओढणीनं दोघींना बांधलं.
पोर तिथं चिकटली, पानामागं चिकटते तशी गोगलगाय.
"हात धर की गं तिला."
पण करिश्माचे हात वरच, कानांच्या पातळीत,
बोटं उघडी,
मांडवाखाली असतात तसे,
अवघडलेले.
मी खाली ओढले तर
परत वर गेले.